खाटेखालची मागणी

धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे बरे आहेत एवढंच कळव, सविस्तर लिहू नकोस. मागच्या वेळी दोन पानं नुसते गुडघेच होते.

माझं म्हणशील तर खाटेवर मांडी घालून लिहितेय, कारण पाय खाली सोडायला जागा नाही. खाटेखाली, खिडकीत, दारामागे खोकी. आत प्रोसेसर. बिस्किटाएवढी चकती, नात म्हणते कॉम्प्युटरचा मेंदू. (या घरात इतके मेंदू पूर्वी कधी नव्हते.)

तुला ठाऊकच आहे, आमचे चिरंजीव एका कंपनीचे प्रोसेसर विकतात आणि समोरच्या दुकानात जावईबापू दुसरीचे. बाजारात मोठा हिस्सा कोणाच्या कंपनीचा, यावरून दोघं एका पंगतीत जेवत नाहीत. जावयाकडे माल किती आहे ते काढायला चिरंजीवांनी मला जुंपलं. नातीच्या फोनवरून, आवाज बदलून रोज विचारायचं, नवा प्रोसेसर आहे का हो? कधी मी शाळेची बाई झाले, कधी बँकेची. तो बिचारा म्हणायचा, "येतोय, येतोय."

तेवढ्यात आमच्याही दुकानात फोन खणखणायला लागले. शाळेची बाई, बँकेची बाई. चिरंजीव फुलले. "आई, मागणी बघ. आता तुटवडा पडणार." होतं नव्हतं ते घालून माल भरला. समोर जावयानेही भरला. गिऱ्हाईक मात्र कुठेच फिरकलं नाही.

एकदा फोन मी उचलला. बँकेची बाई बोलता बोलता खोकली. तसा खोकला जावयाच्या आईचा, आमच्या विहीणबाईंचा. मी हळूच फोन ठेवला, तिनेही ठेवला. म्हणजे या गल्लीतली सगळी मागणी आम्ही दोघी म्हाताऱ्या. पोरांना सांगायची सोय नाही. त्यात कंपनी लवकरच याहून नवा प्रोसेसर काढतेय म्हणे. मग हा कोणी फुकट नेणार नाही आणि दुकानाला कुलूप लागेल.

तुझी थोरली

ता.क. दोन्ही दुकानांना माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याचा नंबर मागे लिहिलाय. रोज फोन करून आमच्या कंपनीचा प्रोसेसर माग, नाही म्हणाला की रागाने ठेव. खोकी परत मागायला तो आपणहून येईल. तुझा आवाज त्याला माहीत नाही.

आणखी ता.क. पत्र बंद करणार तोच व्यापाऱ्याचा टेम्पो गल्लीत आला. समोर थांबला, जावयाची सगळी खोकी भरून घेऊन गेला. विहिणीलाही धाकटी बहीण आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तू आजच सुरू कर. आणि मधेमधे खोकू नकोस.