लाल गाडी कोणाची?

८ फेब्रुवारी १९९८, रविवार

पुण्याच्या खेळणीवाल्याचं पत्र! खेळ आवडला म्हणतो, पण अट घातली — चार नवख्या माणसांनी नुसता नियमांचा कागद वाचून डाव पुरा करायचा. मी तोंड उघडायचं नाही. मार्चअखेर तसा कागद पाठवा, छापू. नाहीतर राम राम.

जमवणारच. मी सातवी शिकलेला, पाट्या रंगवणारा. पण पुतण्या जितेशने मुंबईहून आणलेल्या परदेशी खेळाचे चोवीस पानी इंग्रजी नियम डिक्शनरी घेऊन उलगडले ते मीच! त्यावरून हा कोकणचा सोपा खेळ केला. नकाशावर रूळ मांडायचे, रेल्वे कंपन्यांचे शेअर घ्यायचे. गाडी नव्या गावाला पोचली की शेअर वधारतो. खरी गाडी वीरला थांबते, आमच्या महाडला येतच नाही. माझ्या पटावर ती पोलादपूरपर्यंत नेता येते.

१५ फेब्रुवारी

रुळांचे एकशेवीस पट्टे पुन्हा कापले. अर्ध्या सुताचा फरक होता. बायको सगुणा म्हणाली, "खेळनारा काय फूटपट्टी घेऊन बसनार हाय?"

बसला तर?

१ मार्च

नियम सव्वीस. क्रमवार, बिनचूक. "समभागधारक" हा शब्द मुद्दाम ठेवला. वजन येतं.

१४ मार्च

शिमग्याला कापड्याला, सासुरवाडीत. मेहुणा मुरारी, त्याची बायको रंगूबाई, शेजारचे श्रीपततात्या आणि मुंबईहून आलेला त्यांचा दीपेश असे चौघे बसवले. मी दाराबाहेर, ओठ मिटून.

मुरारीने लाल कंपनीचे दोन शेअर घेतले. रंगूबाईने तिसरा लालच उचलला. झालं!

"लाल गाडी माझी हाय! तू कशाला हात घालतेस?"

"तुज्या बापाची हाय काय?"

दीपेशने समभागधारकांचा नववा नियम तीनदा वाचला. "काका, हे तर कोर्टाचं समन्स वाटतंय!" मुरारी सोंगट्या गोळा करायला लागला. मला राहवेना. उंबऱ्यावरूनच ओरडलो — "चूक! नियम नऊ!" आणि अर्धा तास बोललो.

चाचणी बाद. वर कोणाला काही कळलंही नाही.

१५ मार्च

सकाळी अंगणात एकटाच बसलो होतो. आत सगुणा भावाला सांगत होती —

"गाडी कोनाचीच नाय रे. आपन शेळी वाट्यानं पाळतो ना? तशी. शेळी एक, वाटे चार. ज्याचे वाटे जास्त, तो चरायला कुठं न्यायची ते ठरवील. पिल्लं झाली की ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमानं."

"मंग असं बोल की!" मुरारी.

चौघे पुन्हा बसले. दुपारपर्यंत डाव पुरा. रंगूबाई जिंकली. मुरारी म्हणतो, "हरलो तर हरलो. पोलादपूरला गाडी मीच नेली!"

पण हे मोजायचं नाही. अट कागदाची आहे.

१६ मार्च

महाड. सव्वीसही नियम फाडले. सगुणाला म्हटलं, तू सांग, मी लिहितो.

"मला लिवता येत नाय, तुमाला सांगता येत नाय. बसा!"

अकरा नियम झाले. मी गुपचूप एक "समभाग" घातला होता. वाचून दाखवताना पकडला. खोडायला लावला.

२२ मार्च

डेपोतले चार कंडक्टर, सगळे नवखे. मी दाराबाहेर, रुमाल दातात. एकाने पट्टा तिरका मांडला. बघवत नव्हतं. बोललो नाही! सव्वा तासात डाव पुरा. एकही प्रश्न नाही.

उद्याच कागद रजिस्टरने पाठवणार. खाली लिहिलंय — सांगितले बायकोने, लिहिले मी.

११ एप्रिल

पत्र आलं. खेळ छापणार. पुढे लिहिलंय — "हे नियम ज्यांनी सांगितले, त्यांच्याकडून आमच्या सगळ्याच खेळांचे नियम करून घ्यायचे आहेत. त्यांना घेऊन यावे."

सगुणाला दोनदा वाचून दाखवलं. सोमवारी ती पुण्याला निघते. मी सोबत.