जिवाणूंवर डिझेल पिल्याचा आळ

आदरणीय प्रेमानंदराव यांस,

पंजाबरावाचा मनापासून जय भीम. तुमची अन् प्रयोगशाळेतल्या त्या असंख्य मंडळींची तब्येत ठीक असेल, अशी आशा. इकडे तुमची ताई, म्हणजे आमची जनकाबाई, खणखणीत आहे (आवाज तर फारच). फोनच केला असता, पण घरात फोन एक, अन् तो तिच्या हातात. म्हणून पत्र.

तुम्ही पाठवलेल्या जिवाणूंच्या कॅनचं सांगतो. टँकर उलटून कारखान्याच्या भट्टीचं काळं तेल आपल्या मेथीच्या पट्ट्यात शिरलं, तेव्हा जनकाबाई दोन दिवस बांधावर न बोलता बसली होती. तिले असं गप्प मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं, अन् घाबरलो. म्हणून तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. माती खालीवर केली, शेणखत अन् थोडा युरिया टाकला, कॅन ओतला, ओल धरून ठेवली. (ओतताना ती जिवाणूंले म्हणाली, "या, पोटभर जेवा." मले असं शेवटचं कधी म्हणाली, ते आठवत नाही.)

घोळ झाला तो माझ्या तोंडामुळं. चहाच्या हॉटेलात मी सहज बोललो, की आमच्या वावरात तेल खाणारे किडे सोडले. संध्याकाळपर्यंत लोकांनी मोटारसायकली ओसरीवर चढवल्या. रंगरावानं तर डोक्याच्या तेलाची बाटली कपाटात कुलूपबंद केली. चार दिवसांनी शेजारचे महादेवराव आले. "पंजाबराव, माह्या ट्रॅक्टरची टाकी अर्धी झाली. तुमच्या किड्यांनी पिलं का हो डिझेल?" मी त्यांले शांतपणे समजावलं, की जिवाणू मातीत राहतात, चाकावर चढत नाहीत, अन् टाकीचं झाकण उघडाले त्यांले हात नाहीत. महादेवराव म्हणे, "मग हातवालं कोण आलं?" यावर मले एकदम वावराले पाणी द्याची आठवण झाली अन् मी निघालो. तेव्हापासून बांधावर गाठ पडली, की ते विचारतात, "आज किती पिले?"

असो. तीन महिने झाले. वास गेला, माती मोकळी झाली, अन् काल एका कोपऱ्यात हरळी उगवली. जन्मभर जी उपटत आलो, तिले काल जनकाबाईनं हात लावू दिला नाही. "राहू द्या," म्हणे, अन् पदरानं डोळे पुसले. प्रेमानंदराव, तुमचे हे उपकार मी विसरणार नाही.

पत्र ताईच उंद्रीच्या बाजाराले जाताना टपालात टाकेल. पाकीट डिंकानं पक्कं चिकटवून देतो.

आपला,
पंजाबराव

ता. क. आता खरं काम. डिझेल मीच काढलं. ओल तर धरायची होती, लाईट आठ दिवस नव्हती, अन् पाण्याच्या इंजिनात डिझेलचा थेंब नव्हता. म्हणजे ते जिवाणूंसाठीच खर्च झालं. त्यांनीच पिलं, असं म्हणायले काय हरकत आहे? तरी प्रयोगशाळेच्या कागदावर, शिक्क्यासह, एवढंच लिहून पाठवा, की हे जिवाणू क्वचित टाकीतही चढतात. ताईले कळू देऊ नका.

प्रेमानंद, हे पुढचं मी, जनका, लिहून राह्यली. डिंक ओलाच होता. दाखला-बिखला काही पाठवू नको. डिझेल काढताना म्या यांले पाह्यलं होतं, अन् महादेवभाऊले त्याच दिवशी सारं सांगतलं. ते पोट धरून हासले. "वैनी, मागतलं असतं तं कॅन भरून देलं असतं. आता जराशी गंमत पाहू द्या," म्हणे. त्यांच्या ट्रॅक्टरखालची माती बी तेलानं काळी झाली, एक कॅन त्यांच्यासाठी पाठव. पण तुह्या दाजीले काही सांगू नको. महादेवभाऊची गाठ पडू नये म्हणून हे रोज उजाडल्याबरोबर वावरात जाते अन् पाणी देऊन मोकळे होते. लग्नाले सव्वीस वर्षं झाली, असं काम म्या पहिल्यांदाच पाहून राह्यली.