काकवी परत पाठवलीय

तीर्थरूप आईस,

वेल्लोरच्या दवाखान्यातनं तुझ्या अक्षताचा नमस्कार. तुझा लेक आदर्श बरा हाय, हे पहिलं वाच. फोनवर तू नुसती रडतीस, म्हणून गावाकडं निघालेल्या मामांच्या हाती चिठ्ठी देते.

तू दिलेली काकवी आणि बीट परत पाठवलंय. त्याला बाहेरचं काय देऊ देत न्हाईत. आणि नुसत्या काकवीनं रक्त होत न्हाई गं. रक्तातल्या तांबड्या पेशी हाडाच्या आतल्या गरात तयार होतात, रोज नव्या. त्याच्या हाडांनी ते काम सोडलंय. म्हणून सोमवारी माझ्या कमरेच्या हाडातला गर सुईनं काढला आणि सलाईनसारखा त्याच्या शिरेत सोडला. तो रक्तातनं वाट काढत आपणहून हाडात जाऊन बसतो म्हणे. बसला का न्हाई, ते दोन-तीन आठवड्यांनी कळंल. न्हाई बसला तर काय, ते मी विचारलं न्हाई.

माझा गर परत भरून येतोय, काळजी करू नको. काय वाटतंय, असं मामा सारखं विचारतात. मला काहीच वाटत न्हाई.

आदर्श काचेच्या पलीकडं असतो. काल त्यानं हात केला. मीबी केला.

म्हैस व्याली का? आबा बीपीची गोळी घेतात न्हवं?

आपल्यात मटण झालं की गराची नळी कायम आदर्शच्याच ताटात पडायची. मी मागितली की तू म्हणायचीस, पोरीला काय करायचीय नळी? ह्या वेळची माझ्याच हाडातली होती, आई. तीबी त्यालाच गेली.

तुझी लेक,
अक्षता