घुमटातलं काऊन

आमगाव, २००९

राखीच्या बाबाले,

तुमी घर सोडलं तवा राखी चौथीत होती. आता कमावते. तिनं मले टूरवर नेलं, हैदराबाद, बिदर, विजापूर. गाईड हिंदीवाला. हरेक मकबऱ्यात मी इचारलं, "काऊन बांधला एवढा?" मले कारण पायजे होतं, त्याले "कौन" ऐकू येऊन राहिलं. तो सुलतानाचं नावच सांगे.

गोलघुमटात म्हणे हळू बोललेलंही फिरून येते. तुमचं नाव तर मी कधी घेतलं नाही. भिंतीजवळ तोंड नेऊन एवढंच इचारलं, "काऊन?"

घुमट इचारतच राहिला. काऊन म्हणत होता का कौन, समजलं नाही. कौन म्हणत असंल, तर या चिठ्ठीखाली काय लिहू?

राखीची माय