पिस्तूल खोचायला जागा

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पिस्तूल घेतलं. आजपासून व्हर्नन स्ट्राउड निःशस्त्र घराबाहेर पडणार नाही. दिवस वाईट आलेत. कोपऱ्यावरच्या हॅस्किनच्या शेडमधून पानं उडवायचं मशीन चोरीला गेलं. (नंतर ते जावयाकडे सापडलं. पण चोरीला गेलं असतं तर?)
बायको, नेडीन, घरी असती तर तिने पिस्तुलाला उंबरा ओलांडू दिला नसता. ती मार्चपासून जॉप्लिनला आहे, बहिणीकडे. शार्लीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन. गुडघ्याला वेळ लागतो.
निश्चय: पिस्तूल सदैव अंगावर. आणि कोणाला पत्ता लागता कामा नये.

१३ सप्टेंबर
पहिलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. पँटच्या आत, उजवीकडे मागे. उभं राहिलं की झकास. ट्रकमध्ये बसलो आणि मूठ थेट बरगडीत. बंदुकांच्या दुकानातल्या डेल्बर्टला सांगितलं तर म्हणतो, व्हर्नन, पोट आणि पिस्तूल एका पँटीत मावत नाहीत, एकाला घरी ठेवावं लागतं.
माझं पोट नाही. बांधा रुंद आहे.

१६ सप्टेंबर
दुसरं होल्स्टर, पुढच्या बाजूला. वाकलो की नळी नको तिथे टोचते. बुटाची नाडी बांधताना डोळ्यांपुढे आजोबा दिसले. ते वारलेत.
निश्चय: नाडीचे बूट बंद. वाकणंच बंद. पेपर अंगणात पडलेत, पडू देत. बातम्या वाईटच असतात.

१९ सप्टेंबर
नाश्त्याला ट्वायलाच्या खानावळीत गेलो. एका कुल्ल्यावर बसावं लागलं. ट्वायला कॉफी ओततानाच म्हणाली, काय रे राजा, मूळव्याध का? मोठ्याने म्हणाली. तिला हळू बोलता येत नाही. मी म्हटलं, छे, हाडाचं जुनं दुखणं आहे. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात. आतून मधोमध भोक असलेली उशी घेऊन आली.
मग निवृत्त पोस्टमन ऑर्व्हल माझ्या टेबलावर येऊन बसला आणि स्वतःच्या मूळव्याधीची कथा आरंभापासून सांगितली. पाय थंड झाला. खायचा पाय, सफरचंदाचा. तरी उठलो नाही. याआधी इतका वेळ माझ्यासमोर कोण बसलं होतं, आठवेना.
पिस्तुलाचा संशय कोणालाही नाही. मोहीम पूर्ण यशस्वी.

२१ सप्टेंबर, रविवार
तिसरं होल्स्टर, घोट्याला. चर्चमध्ये लंगडत गेलो. पाद्रीबुवांनी भर प्रार्थनेत सांगितलं, आपले बंधू व्हर्नन यांच्या पायासाठी सर्वांनी दोन शब्द देवापाशी टाकावेत. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. देवाला पिस्तूल दिसलं असणार, पण तो बोलला नाही.
जाताना तीन बायकांनी हात हातात घेऊन विचारपूस केली. हात गरम होते. घोटा सोलवटला आहे. पुढच्या रविवारीही घोट्यालाच लावावं म्हणतो.

२५ सप्टेंबर
खांद्याला अडकवायचं होल्स्टर आणलं. वर कोट लागतो. उकाड्यात कोट घालून किराणा आणायला गेलो. घामाने थबथबलो. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, आजोबा, कोणाला बोलवू का? कोणाला, ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

२८ सप्टेंबर
नेडीनचा फोन! शनिवारी येतेय. हिवाळी कपडे आणि शिलाई मशीन न्यायला. जॉप्लिनला थंडी जास्त पडत असावी. नकाशात ते आपल्याहून खाली आहे, पण नकाशाला काय कळतं.
जेवतोस ना, विचारलं तिने. म्हटलं, दणकून. (डबाबंद राजमा.)
निश्चय: घर साफ. दाढी. भाजलेलं मांस, बटाटे, गाजरं, तिला आवडतं तसं. एकदा जेवायला बसली की उठणार नाही. मशीन जड आहे, तिला एकटीला उचलणारही नाही.

१ ऑक्टोबर
सापडलं! कापडी रबरी पट्टा, पोटाभोवती गुंडाळायचा, त्यातच पिस्तुलाचा कप्पा. डेल्बर्ट म्हणाला, बाळंतिणीच्या पट्ट्याचाच भाऊ समज. असेना. टोचत नाही, काचत नाही, घसरत नाही. पोटाला कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं.
डेल्बर्टने विचारलं, तुला भीती तरी कोणाची आहे? म्हटलं, कोणाचीच नाही. तो म्हणाला, इथे येणारा प्रत्येक जण कोणाचं तरी नाव सांगतो. मग म्हणाला, काही घ्यायचं नसलं तरी येत जा, कॉफी असते.
धंद्याची युक्ती. मी असल्या जाळ्यात सापडत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
नेडीन आली. केस कापलेत. शार्लीन तिचा ट्रक घेऊन बरोबर. शार्लीनने मशीन एकटीने उचललं आणि पायऱ्या उतरून ट्रकमध्ये ठेवलं. गुडघ्याबद्दल विचारायचं राहून गेलं.
नेडीनने उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. छान झालंय म्हणाली. तिकडे कापडाच्या दुकानात काम धरलंय. खोली घेतलीय. मी विचारलं, किती दिवसांसाठी? ती म्हणाली, व्हर्नन. आणि ताटली खाली ठेवली.
दारात तिने आपणहून मिठी मारली. मी हात कुठे ठेवावेत याचा विचार करत होतो, तेवढ्यात तिचा हात माझ्या पोटापाशी थांबला. हे काय आहे? म्हटलं, पट्टा, पाठीचा. ती इतकी वर्षं म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला होती, पट्टे तिला ठाऊक आहेत. तिने माझा शर्ट वर केला. कप्प्यात पिस्तूल.
मी म्हटलं, घरात कोणी नसतं, संरक्षण हवं. ती म्हणाली, घरात कोणी नसतं तर कोणाचं संरक्षण करतोस?
मग हळू आवाजात म्हणाली, खरं सांग, हे तू स्वतःसाठी नाही ना आणलंस?
मी म्हटलं, स्वतःसाठीच. आणखी कोण आहे?
ती पायरीवर मटकन बसली. शार्लीन ट्रकमधून ओरडली, येतेस ना गं? नेडीन म्हणाली, थांब. मला म्हणाली, काढ ते. काढलं. मला माझ्याच ट्रकमध्ये बसवून डेल्बर्टकडे नेलं. त्याला म्हणाली, हे तुझ्या तिजोरीत ठेव, आणि हा मागायला आला तर आधी मला फोन कर. डेल्बर्टने ते घेतलं. टोपी काढली.
परतताना आम्ही शेजारी बसलो होतो. तिने माझा सीटबेल्ट लावला. बसताना कुठेच काही टोचलं नाही.
एकूण दिवस चांगला गेला. ठरल्यापेक्षा बराच वेळ थांबली.

५ ऑक्टोबर
भांडी घासताना लक्षात आलं ती काय विचारत होती. वेडी आहे. मला असलं काही कधी सुचलेलंही नाही. फारसं नाही.
जाताना म्हणाली होती, दर रविवारी फोन करीन. दर रविवारी! याचा अर्थ उघड आहे. पावलं घराकडे वळताहेत.
फोन आला. हवा, जेवण, झोप. ती म्हणाली, डॉक्टरांना भेट, मी वेळ ठरवते. म्हटलं, तू म्हणशील तसं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळपासून फोनजवळ. काय काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. पानगळ, डॉक्टर, अंगणातले पेपर उचलले.
संध्याकाळी वाजला. शार्लीन होती. म्हणाली, नेडीन दुकानात आहे, तिने सांगितलंय तुला विचारायला. तर, बरा आहेस?
मी शार्लीनला कधीच आवडलो नाही. लग्नातही तोंड फिरवून उभी होती.
म्हटलं, बरा आहे. ती म्हणाली, ठीक तर. मी म्हटलं, थांब. आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मग पानगळ सांगितली. मग पेपरांचं. तिने फोन ठेवला नाही. तिकडे टीव्ही चालू होता. मध्येच तिने आवाज कमी केला. निदान मला तसं वाटलं.