मधलं मोकळं पाणी

माय, परवा दुपारी डुलकी लागली आणि मी पुन्हा आपल्या तलावात होतो. बोट बंद होती, पाणी हलत नव्हतं, आणि तू समोर डोंग्यात उकिडवी बसून शिंगाड्याचे वेल उचलून पाहत होतीस. पान उलटं केलं की खालची लालसर बाजू दिसायची, ती स्वप्नातही तशीच दिसली. मी काहीतरी सांगायला गेलो, तर माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "थांब, हे येवढं तोडू दे." मी थांबलो आणि जागाच झालो. तू गेलीस त्या वयाच्या कितीतरी पुढे आलोय मी, तरी तू थांब म्हटलं की थांबतो. मग उठून कागद घेतला.

तुझं स्वयंपाकघर आठवायला गेलं की आधी वास येतो. चुलीवरच्या मोठ्या गंजात शिंगाडे खदखदताहेत, वाफेत तुझा चेहरा मधेच दिसतो, मधेच नाही. उकडलेले शिंगाडे काळेभोर होतात, आणि ते सोलून सोलून तुझी बोटंही काळी. टोपली डोक्यावर घेऊन तू बडनेऱ्याला स्टेशनाबाहेर बसायचीस. त्या टोपलीवर मी शिकलो आणि अकोल्याला, तलाव मोजणाऱ्या सरकारी कचेरीत लागलो. तलाव आपला नव्हता, दरसाल ठेक्यानं घेतलेला. पण त्याच्या तळाची ओळख तुझ्याइतकी कुणाला नव्हती. तुझ्या लांब बांबूवर चाकूच्या खुणा होत्या: कंबर, छाती, डोकं, आणि त्याच्याही वर दुसरा परस. परस म्हणजे हात वर करून उभं राहिलेलं एक माणूस, हे मला तूच बांबूशेजारी उभं करून शिकवलंस.

मग साठ सालानंतर केव्हातरी आमच्या कचेरीची ती मोटरबोट आली. बडनेऱ्याला मालगाडीतून उतरली, ट्रकवर चढली आणि अमरावतीबाहेर आपल्या तलावाच्या काठाला लागली. तिच्या मागच्या फळीवर पाण्याची खोली मोजणारं यंत्र. ते खाली आवाज सोडायचं, तळाला आपटून आवाज परत आला की सरकत्या कागदावर काळी रेघ उमटायची. तलावात नुसता गाळ उरला असेल तर बुजवून त्यावर प्लॉट पाडायचे, पाणी खोल असेल तर राखायचा, असं ठरलं होतं. तुझं पोट त्या रेघेवर होतं, माय, आणि ते मला पक्कं माहीत होतं. तरी त्या सकाळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की बोट मी चालवणार आणि तू ती बघणार.

मी ती सुसाट सोडली. आजही डोळे मिटले की ते ऊन, दोन्ही बाजूंनी उडणारे पाण्याचे पांढरे फवारे, आणि काठ कापडासारखा मागे ओढला जातोय. बोटीत माझ्यासोबत बसलेल्या कचेरीतल्या साहेबांना जेवणाआधी काम उरकायचं होतं, त्यांनी हळू कर म्हटलं नाही. मध्यावर रेघ वर चढली. साहेब म्हणाले, "चार फूट. सगळा गाळ."

तू डोंगा मधे घातलास म्हणून मला थांबावं लागलं. तू साहेबांशी नाही, माझ्याशी बोललीस. "काहून पयवून राहिला येवढी? पाण्याले उकळी आणली तुनं. उकळत्या गंजात बुड दिसते काय रे कधी?"

साहेब हसले. "बाई, हे विलायती यंत्र आहे."

"असंन साहेब. पण मंधात चारच फूट पाणी असतं तं म्या तिथं वेल लावली नसती काय? येवढी जागा मोकळी सोडाले मी काय येडी हाओ?"

साहेब कागद गुंडाळायला लागले. तू बांबू उचललास आणि आमच्या बोटीशेजारीच पाण्यात सोडलास. पुढे काय झालं ते शेवटी लिहितो, आत्ता हात धजत नाही. मी वहीत चार फूट लिहिलं आणि सही केली.

तुझं म्हणणं मला यंत्रांच्या पुस्तकातून कळायला तीन वर्षं लागली. वेगात बोट ढकलणाऱ्या पंख्याचा फेस मागे यंत्राखाली शिरतो, आणि यंत्र त्या बुडबुड्यांनाच तळ समजतं. त्यानंतर जिथं गेलो तिथं मी यंत्र फळीवरून काढून कडेला, खाली, न फुटलेल्या पाण्यात बसवलं, बोट बैलगाडीच्या चालीनं नेली, आणि आधी उभ्या बोटीतून वजन बांधलेली दोरी तळापर्यंत सोडून आकडा ताडून पाहिला. लोक मला चिकट म्हणत. माझी मापं कधी चुकली नाहीत. पण तोवर आपला तलाव मुरमाखाली गेला होता आणि तू स्टेशनाबाहेर दुसऱ्याच्या बागेतले पेरू विकत होतीस.

तू मला एकदाच विचारलंस, पेरू पुसता पुसता. "म्या बांबू टाकला तवा तू पाहत होता न रे?"

मी म्हणालो, "नाही, माय. मी मशीनकडे पाहत होतो."

तू बराच वेळ तोच पेरू पुसत राहिलीस. मग म्हणालीस, "मंग तं तुहा काही दोष नाही." आणि तो पेरू मला दिलास. मी तो खाल्ला.

हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत नाही. मी पाहत होतो, माय. कंबर गेली, छाती गेली, डोकं गेलं, दुसरा परसही गेला. सगळा बांबू बुडाला, तुझा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, तरी तळ लागला नव्हता, आणि तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस.