टेकडीवरचे लाल ठिपके

४ फेब्रुवारी
नकाशा चुकलाय. किंवा मी चुकतेय.
पोटातच गेलेल्या बाळांच्या तीन वर्षांच्या नोंदी — आईचा जो पत्ता, तिथे एक लाल ठिपका. जिथे ठिपके जास्त, तिथे गरोदर बायकांच्या तपासणीची नवी खोली होणार. मला वाटलं होतं, आमची खालची वस्ती लालेलाल होईल. पण ठिपके टेकडीवर! बंगल्यांच्या रांगेत!
मोठ्या बाईंनी — आमच्या आरोग्य विभागाच्या प्रमुख, स्वतः डॉक्टर — चष्मा कपाळावर सरकवून नकाशा पाहिला. म्हणाल्या, "बघ. गरिबी गरिबी करत होतीस." टोचून नाही बोलल्या, तेवढंच.
यातली निम्म्याहून जास्त बाळं वाचली असती. आईचं ब्लड प्रेशर वाढत गेलं, वेळेवर कुणी मोजलं नाही. टेकडीवर मोजायला माणूस नाही? तिथे कुत्र्यांनासुद्धा डॉक्टर आहे.

५ फेब्रुवारी
सगळे पत्ते पुन्हा ताडून पाहिले. टायपिंगची चूक नाही.

७ फेब्रुवारी
आज टेकडीवर गेले. ज्या घरावर दोन ठिपके आहेत, तिथली बेल वाजवली. दार एका आजोबांनी उघडलं. काम सांगितल्यावर हसायलाच लागले. "अहो, या घरात सगळ्यात धाकटी माझी बायको. ती एकोणसत्तरची आहे."
मग हसू आवरून हळूच सांगितलं — स्वयंपाकाला एक बाई होती, तिने हॉस्पिटलात आमचा पत्ता घातला. नंतर आलेल्या बाईनेही घातला. आमचं काय जातंय?
आणखी चार घरं केली. सगळीकडे तेच. वरचं मोठं हॉस्पिटल फक्त टेकडीवर राहणाऱ्यांनाच घेतं. म्हणून खालच्या बायका कामाच्या घराचा पत्ता देतात. तपासणीला जातात ते सुट्टी मिळेल तेव्हा, म्हणजे बहुतेक वेळा उशिराच. बाळ खालचं, ठिपका वर!
इतकं साधं होतं. उद्याच मोठ्या बाईंना सांगते. तपासणीची खोली खालीच हवी, हे आता लहान पोरालाही पटेल.

८ फेब्रुवारी
सांगितलं नाही.
सकाळी निघायच्या आधी घरात सांगितलं होतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून एरवी माझं बोलणं बातम्यांसारखं ऐकतात, मधे कुणी बोलत नाही. आज मात्र दादा चपला घालून बाहेर गेला. आई भांडी घासत राहिली. वहिनीला आठवा महिना. ती इस्त्री थांबवून म्हणाली, "ताई, माझाही पत्ता वरचाच आहे. हे कपडे ज्यांचे, त्यांचा."
नकाशा बदलायचा तर कारण द्यावं लागणार. कारण दिलं की हॉस्पिटल पुरावे मागणार. वहिनी दारातूनच परत. नुसती वहिनीच नाही, सगळ्याच.
आई पाठमोरीच म्हणाली, "तुला शिकवलं ते आपल्याच मुळावर उठायला?"

१० फेब्रुवारी
आई माझ्याशी बोलत नाही. ताट मात्र वाढते.

१३ फेब्रुवारी
नकाशा सोमवारी मंजुरीला जायचाय. मोठ्या बाईंनी विचारलं, तुला शंका होती ना, काही सापडलं का? मी नाही म्हणाले. सरळ, न अडखळता.
कॉलेजात असताना वाटायचं, खोटं बोलायची वेळ न शिकलेल्यांवर येते.
ठरवलंय — वहिनी सुखरूप मोकळी झाली की लगेच सगळं सांगायचं. नकाशा काय, पुन्हा काढता येतो.

६ मार्च
वहिनी तपासणीला गेली आणि तिला तिथेच ठेवून घेतलं. ब्लड प्रेशर चढलं होतं. डॉक्टर दादाला म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर — पुढचं बोलले नाहीत. पुढचं मला माहीत आहे. तीन वर्षांचं वाचलंय.

७ मार्च
मुलगी! वजन बेताचं, आवाज दणदणीत. आई म्हणाली, आत्यावर गेलीय, कुणाचं ऐकत नाही. महिन्याभरात माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

१० मार्च
काय बोलायचं ते मनाशी घोकत मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनीच आधी माझा हात हातात घेतला. तपासणीची खोली मंजूर झाली. नवं मशीन, दोन नर्स. टेकडीवर. तुझ्या नकाशाने काम केलं, म्हणाल्या. खाली एवढ्यात गरज नाही, तिथले आकडे चांगले आहेत.
आता सांगितलं तर खाली खोली कधी होईल कुणास ठाऊक. वरची दारं मात्र त्याच आठवड्यात बंद होतील.
थँक्यू म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

१२ मार्च
शेजारच्या काकू आल्या होत्या. सुनेला सहावा महिना. ती कुठे कामाला जात नाही, त्यामुळे वर ओळखीचं कुणी नाही. एखादा पत्ता मिळेल का, विचारत होत्या.
मोठ्या बाई टेकडीवरच राहतात. त्यांचा दिला.